न्यूयॉर्कचे बोगदे : एका जलवितरण जाळ्याच्या संगणकीय तपासणीचे प्रकरण

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, यॉन्कर्स शहरात, हिलव्ह्यू नावाचा जलाशय आहे. दूरच्या डोंगराळ पाणलोटातून आलेले पाणी येथे थांबते आणि येथून खोल खडकात खोदलेल्या बोगद्यांमधून, पंपाची मदत न घेता, केवळ उताराच्या जोरावर शहरात उतरते. पहिला नगर-बोगदा १९१७ साली आणि दुसरा १९३६ साली वापरात आला. दुसरा बोगदा सुरू झाला त्याच १९३६ साली अमेरिकन अभियंते हार्डी क्रॉस यांनी नळांच्या बंद वलयांमधील प्रवाह हाताने, टप्प्याटप्प्याने दुरुस्त करत नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. दोन्ही बोगदे मिळून एक मोठे वलय होते, त्यामुळे या जाळ्याचा हिशोब सरळ रेषेत उरकत नाही. वलयाच्या कोणत्या बाजूने किती पाणी येणार हे घर्षण ठरवते, आणि घर्षण किती होणार हे त्याच पाण्यावर अवलंबून असते.

शहराची भविष्यातील मागणी हे दोन बोगदे पेलतील का, आणि पेलणार नसतील तर कोणत्या भागांना समांतर बोगदा जोडावा, हा प्रश्न १९६९ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील शाके आणि लाई यांनी गणिताच्या रूपात मांडला. त्यांनी वापरलेली माहिती पुढे जगभरच्या अभ्यासकांनी इतक्या वेळा वापरली की आज हे प्रकरण जलवितरणाच्या संगणकीय अभ्यासातील एक ठरलेली परीक्षा झाले आहे. येथे ते निवडण्याचे कारण मात्र वेगळे आहे. जाळे इतके लहान आहे की संगणकाने दिलेले उत्तर कागद, पेन्सिल आणि लॉगॅरिदम घेऊन पडताळता येते, आणि पडताळताना मॉडेल नेमके काय सांगते व काय सांगत नाही याचा अंदाज येतो. मोठ्या शहराचे हजारो नोडचे, म्हणजे नळ जिथे मिळतात किंवा पाणी जिथे काढले जाते अशा बिंदूंचे, मॉडेल समोर असले की हा अंदाज बहुधा निसटतो, कारण पडद्यावरच्या रंगीत नकाशावर विश्वास ठेवण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

जाळे आणि त्याचे प्रारूप

या मॉडेलमध्ये २० नोड आणि २१ बोगदे आहेत. नोड १ हा हिलव्ह्यू असून तेथील पाण्याची पातळी ३०० फूट धरली आहे. तेथून दोन हात निघतात. पश्चिमेकडचा हात नोड २ पासून ८ पर्यंत जातो. त्याचा व्यास आधी १८० इंच आहे आणि शेवटच्या दोन टप्प्यांत, म्हणजे बोगदा ७ आणि ८ मध्ये, तो १३२ इंचांवर येतो. पूर्वेकडचा हात नोड १५, १४, १३, १२ आणि ११ या क्रमाने जातो आणि त्याचा व्यास सर्वत्र २०४ इंच आहे. दोन्ही हात नोड ९ वर मिळतात. या मोठ्या वलयाला काही बारीक फाटे आहेत. नोड १० वरून १७ कडे (बोगदा १६) आणि नोड १२ वरून १८ कडे (बोगदा १७) ७२ इंचांचे फाटे जातात, १८ वरून पुढे १९ कडे ६० इंचांचा (बोगदा १८) जातो, आणि नोड ९, ११, २० व १६ यांचे एक छोटे वलय आहे.

सर्व नोडवरची मागणी मिळून २,०१७.५ घनफूट प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ५७ घनमीटर प्रति सेकंद भरते. दिवसाच्या हिशोबात हे जवळपास ४,९०० दशलक्ष लिटर होते. बहुतेक नोडवर दाबपातळी, म्हणजे अभियंत्यांच्या बोलण्यातील ‘हेड’, निदान २५५ फूट असावी अशी अट आहे. नोड १६ साठी ती २६० फूट आणि नोड १७ साठी २७२.८ फूट आहे. घर्षणासाठी हेझन-विल्यम्स सूत्र वापरले असून गुळगुळीतपणाचा गुणांक ‘सी’ सर्व बोगद्यांसाठी सरसकट १०० धरला आहे. ही ‘सरसकट’ पुढे फार महत्त्वाची ठरते.

दुखणे कुठे आहे

कोणताही नवा बोगदा न जोडता मॉडेल चालवले की पहिली गोष्ट दिसते ती अशी की १९ मागणी-नोडपैकी १४ नोड ठीक आहेत आणि अडचण पाचच ठिकाणी आहे. नोड १७ वर सुमारे २६५ फूट, १६ आणि २० वर सुमारे २११ फूट, १८ वर सुमारे १५९ फूट आणि १९ वर तर ९९ फुटांच्या आसपास दाबपातळी उरते. (हे आणि पुढचे आकडे एपानेट वापरते तोच घर्षणसूत्राचा स्थिरांक घेऊन काढले आहेत. एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली प्रथम प्रसृत केलेले, जलवितरण जाळ्यांचा हिशोब करणारे मोफत सॉफ्टवेअर आहे.)

मागणी सर्वत्र वाढणार आहे म्हणून जाळे सर्वत्र अपुरे पडेल, असे कोणालाही आधी वाटेल. मॉडेल तसे म्हणत नाही. नोड १९ चे उदाहरण जवळून पाहू. जलाशयापासून तिथपर्यंत पोहोचताना पाणी एकूण सुमारे २०१ फूट दाबपातळी गमावते. त्यातील फक्त २६ फूट मुख्य पूर्व बोगद्यात, नोड १२ पर्यंत, जातात, आणि तेही चार लांब टप्पे ओलांडताना. उरलेल्यापैकी सुमारे ११६ फूट एकट्या बोगदा १७ मध्ये आणि ६० फूट बोगदा १८ मध्ये खर्च होतात. बोगदा १७ हा ३१,२०० फूट लांब आणि ७२ इंच व्यासाचा आहे आणि त्यातून १८ व १९ या दोन्ही नोडचे मिळून २३४.२ घनफूट प्रति सेकंद पाणी जावे लागते. घर्षणहानी प्रवाहाच्या १.८५२ घाताने वाढते आणि व्यासाच्या ४.८७ घाताने घटते. त्यामुळे मागणी वाढली की रुंद बोगदा कुरकुरतो आणि अरुंद बोगदा कोसळतो. हाच न्याय छोट्या वलयाला लागू पडतो: नोड २० आणि १६ यांच्याकडे येणारे दोन्ही मार्ग, म्हणजे बोगदा १९ आणि २१, प्रत्येकी साठ-बासष्ट फूट गिळतात, आणि त्यांना जोडणारा बोगदा २० जवळजवळ रिकामाच वाहतो.

नोड १९ वरचे ९९ फूट हे प्रत्यक्ष भाकीत मानू नये. या गणितात मागणी ठाम धरलेली असते, म्हणजे दाब कितीही पडला तरी तेथून तेवढे पाणी निघतेच असे मॉडेल समजते. वास्तवात दाब पडला की नळाला पाणी कमी येते, प्रवाह घटतो आणि दाब थोडा सावरतो. दाबावर अवलंबून मागणी बदलणारी रीत एपानेटमध्ये २०२० च्या २.२ आवृत्तीपासून थेट उपलब्ध आहे. तरीही निदानासाठी जुनी रीत उपयोगी पडते, कारण ती तुटवडा लपवत नाही. आकडा अवास्तव खाली गेला की तो ‘येथे पाणी पोहोचणार नाही’ असेच सांगत असतो.

नोड १७ ची गोष्ट वेगळी आणि मला सर्वांत बोलकी वाटते. तेथे कमतरता फक्त सात-साडेसात फुटांची आहे आणि बोगदा १६ मध्ये होणारी हानीही जवळपास तेवढीच आहे. पाहणारा लगेच म्हणेल की बोगदा १६ ला जोड दिली की काम झाले. पण हात जिथे मिळतात त्या नोड ९ वरची पातळीच सुमारे २७२.७ फूट आहे, आणि नोड १७ ला हवेत २७२.८. म्हणजे बोगदा १६ कितीही रुंद केला तरी अट पुरी होत नाही. दुखणे फाट्यात दिसते, पण त्याचा एक छोटासा भाग मुख्य वलयात आहे. नोड १९ चेही तसेच आहे. बोगदा १७ आणि १८ यांना पुरेशी वाटणारी जोड दिली तरी ते २५५ च्या खाली जेमतेम एका फुटाने अडते, आणि तो फूट वर, मुख्य वाटेवरच मिळवावा लागतो. नकाशावर बोट ठेवून हे कोणाला दिसले नसते. मॉडेलची खरी कमाई येथे आहे.

उपायांची शर्यत

आता उपाय. प्रत्येक बोगद्याला समांतर बोगदा द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर ३६ इंचांपासून २०४ इंचांपर्यंत दर १२ इंचांनी वाढणाऱ्या पंधरा व्यासांपैकी कोणता, असे सोळा पर्याय एकवीस ठिकाणी आहेत. एकूण शक्यता १६ चा २१ वा घात, म्हणजे १.९३ गुणिले १० चा २५ वा घात इतक्या होतात. सगळ्या तपासणे अशक्य आहे. खर्चाचे सूत्र साधे आहे: फुटामागे डॉलरमधील दर हा इंचांतील व्यासाच्या १.२४ व्या घाताच्या १.१ पट.

शाके आणि लाई यांनी रेषीय प्रोग्रॅमिंग वापरून काढलेला उपाय ७८.०९ दशलक्ष डॉलरचा होता. पुढे क्विंड्री आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६३.५८, गेसलर यांनी १९८२ मध्ये ४१.८०, नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. प्रमोद भावे यांनी १९८५ मध्ये ४०.१८, आणि मॉर्गन व गुल्टर यांनी त्याच वर्षी ३९.२० दशलक्षांचा उपाय मांडला. नव्वदच्या दशकात उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणारे जेनेटिक अल्गोरिदम आले. डॅन्डी, सिम्प्सन आणि मर्फी यांनी १९९६ मध्ये ३८.८० दशलक्षांचा आणि मायर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, मुंग्यांच्या माग काढण्याच्या पद्धतीवर बेतलेल्या अल्गोरिदमने, ३८.६४ दशलक्षांचा उपाय दिला. पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर येऊन ही घसरण थांबली.

शेवटच्या उपायात सहा ठिकाणी जोड आहे: बोगदा ७ ला १४४ इंच, १६ आणि १७ ला ९६ इंच, १८ ला ८४ इंच, १९ आणि २१ ला ७२ इंच. वर केलेले निदान आणि ही यादी शेजारी ठेवली तर सहापैकी पाच नावे निदानातच दिसत होती. बोगदा १७ मधील हानी ११६ फुटांवरून १४ फुटांवर आणि १८ मधील ६० वरून ६ फुटांवर येते. सहावे नाव, बोगदा ७, हेच काय ते शोधून काढावे लागते. पश्चिमेच्या हाताचा अरुंद शेवट मोकळा झाला की वीसेक घनफूट पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते, पूर्वेच्या बोगद्यावरचा ताण हलका होतो आणि नोड १२ वरची पातळी सुमारे नऊ दशांश फुटाने वर येते. पश्चिमेला काम केले आणि फायदा पूर्वेकडच्या नोड १९ ला झाला, ही वलयाची करामत आहे.

डॅन्डी व सहकाऱ्यांच्या उपायात मात्र बोगदा ७ ला हात लावलेला नाही. त्यांनी पूर्वेला, थेट जलाशयातून निघणाऱ्या बोगदा १५ ला १२० इंचांची जोड दिली आणि बोगदा १६ ची जोड ८४ इंचांवर आणली. बाकी यादी तीच. दोन उपायांच्या खर्चात ०.१६ दशलक्षांचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक आहे, पण खोदकामाची एक जागा शहराच्या वरच्या टोकाला आहे आणि दुसरी वलयाच्या पार खालच्या अंगाला. अशा वेळी कोणता उपाय ‘सर्वोत्तम’ हे ०.१६ दशलक्षांवरून ठरवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. खडक कसा आहे, विहीर-खड्डा कुठे उतरवता येईल, काम चालू असताना कोणता भाग उघडा पडेल, हे प्रश्न त्या फरकापेक्षा कितीतरी वजनदार आहेत.

चौथ्या अंकावर टांगलेले दीड दशलक्ष

या शर्यतीत एक चमत्कारिक नोंद आहे. साविच आणि वॉल्टर्स यांनी १९९७ मध्ये ३७.१३ दशलक्षांचा, म्हणजे ३८.६४ पेक्षाही स्वस्त उपाय दिला होता. तो शेवटच्या उपायासारखाच आहे. फक्त बोगदा ७ ची जोड १४४ ऐवजी १०८ इंचांची आहे. मग तो विजेता का ठरला नाही?

कारण हेझन-विल्यम्स सूत्रातील एका आकड्यात आहे. हे सूत्र मेट्रिक एककांत लिहिताना पुढे जो स्थिरांक येतो तो वेगवेगळ्या अभ्यासकांनी १०.५०८८ पासून १०.९०३१ पर्यंत घेतला आहे. घातांक कुठे तोडायचे आणि एकके कशी बदलायची, यातून ही तफावत आली. एपानेटमधील किंमत १०.६७ च्या जवळ आहे. साविच आणि वॉल्टर्स यांनी दोन्ही टोके वापरून पाहिली. १०.५०८८ घेतल्यावर ३७.१३ दशलक्षांचा उपाय सर्व अटी पाळतो आणि १०.९०३१ घेतल्यावर खर्च ४०.४२ दशलक्षांवर जातो. एपानेटच्या किमतीने ३७.१३ चा उपाय तपासला तर नोड १७ आणि १९ वरची पातळी अटीपेक्षा साधारण ०.२ फुटाने, म्हणजे अडीच इंचांच्या आसपास, खाली राहते. एवढ्या कारणाने उपाय बाद होतो आणि दीड दशलक्ष डॉलर जास्त मोजावे लागतात.

३८.६४ चा उपाय तरी किती काठावर उभा आहे ते पाहावे. एपानेटमध्ये नोड १६ वर २६०.०८, १७ वर २७२.८७ आणि १९ वर २५५.०५ फूट मिळतात. तिन्ही अटी एक इंचाच्या आतल्या फरकाने पाळल्या जातात. शोधक अल्गोरिदम असाच वागणार, कारण त्याला जेथे जेथे सैल दिसेल तेथून तो पैसा काढून घेतो. पण आता तो ‘सरसकट १००’ आठवावा. बोगद्यांचा ‘सी’ गुणांक १०० ऐवजी ९९ निघाला तर घर्षणहानी १.९ टक्क्यांनी वाढते. नोड १९ सुमारे २५४.२ वर, १७ सुमारे २७२.४ वर आणि १६ सुमारे २५९.३ वर येतो. म्हणजे तिन्ही अटी एका झटक्यात मोडतात. मागणीचा अंदाज सर्वत्र एका टक्क्याने चुकला तरी परिणाम जवळजवळ तेवढाच होतो, कारण प्रवाहाचा आणि गुणांकाचा घातांक एकच आहे. चालू बोगद्यात दाबमापक लावून आणि प्रवाह मोजून ‘सी’ काढायचा तर त्यात दोन-चार अंकांची अनिश्चितता सहज येते, आणि भविष्यातील मागणी एका टक्क्याच्या आत सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून या प्रकरणातून घ्यायचा आकडा ३८.६४ नाही. तो अल्गोरिदमांची तुलना करायला उत्तम आहे, आणि अभ्यासकांनी तो त्यासाठीच वापरला. प्रत्यक्ष जाळे सुधारायला निघालेल्या अभियंत्याने त्याच मॉडेलवर ‘सी’ ९० पासून ११० पर्यंत आणि मागणी पाच-दहा टक्के वर-खाली करून पुन्हा पुन्हा हिशोब करावा आणि कोणत्या जोडण्या प्रत्येक वेळी यादीत येतात ते पाहावे. १६, १७, १८, १९ आणि २१ बहुतेक वेळा येतच राहतील, कारण तेथील कमतरता दहा-वीस नव्हे तर पन्नास-शंभर फुटांच्या घरातली आहे. अपवाद १६ चा. तेथे कमतरता लहान आहे, पण उरलेली जागा त्याहून लहान आहे. बोगदा ७ की १५, आणि १०८ इंच की १४४, हा निर्णय मात्र मोजमापाशिवाय घेऊ नये. तो घेण्याआधी मुख्य बोगद्यांच्या घर्षणाची प्रत्यक्ष चाचणी करण्यावर पैसा खर्च झाला तर तो सर्वांत स्वस्त पैसा ठरेल.

एक झडप बंद करून

शाके आणि लाई यांचा प्रश्न एकाच स्थितीचा होता: ठरलेली मागणी, सर्व बोगदे चालू. शहरापुढचा प्रश्न तेवढाच नव्हता. पहिला आणि दुसरा बोगदा वापरात आल्यापासून तपासणीसाठी रिकामा करता आला नव्हता, कारण एक बंद केला तर दुसऱ्याला शहर पेलवत नव्हते. तिसऱ्या नगर-बोगद्याचे काम १९७० मध्ये सुरू झाले त्यामागे हे मोठे कारण होते. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि मॅनहॅटनचा भाग २०१३ मध्ये वापरात आला.

तोच प्रश्न ३८.६४ दशलक्षांच्या जाळ्याला विचारता येतो. मॉडेलमध्ये फक्त बोगदा १ बंद करावा, म्हणजे पश्चिमेचा हात जलाशयापासून तोडावा, आणि मागणी तीच ठेवावी. सगळे २,०१७.५ घनफूट आता पूर्वेच्या २०४ इंचांच्या बोगद्यातून निघतात. नोड १५ वर सुमारे २८१ फूट आणि १४ वर सुमारे २५६ फूट मिळतात. नोड १३ वर पातळी २३१ पर्यंत उतरते, १२ वर २२० आणि ११ वर २११ पर्यंत. त्यापुढचे सर्व, आणि नोड ९ वरून उलट्या दिशेने पाणी मिळणारे पश्चिमेचे सर्व नोड, याच्याही खाली जातात. १९ पैकी १७ नोडवर अट मोडते. जोडलेल्या सहा समांतर बोगद्यांपैकी एकही पूर्वेच्या मुख्य वाटेवर नाही, त्यामुळे नोड १२ पर्यंतच्या या आकड्यांत त्या ३८.६४ दशलक्षांनी काहीच बदल होत नाही.